कोऱ्या ओळींचा नकाशा

मोतीबाईंचं नाव फळ्यानं ठेवलेलं. एकतीस वर्षं त्या चौथीला शिकवत होत्या, आणि एकतीस वर्षं फळ्यावर त्यांचं अक्षर असं पडायचं की पुसायला हात धजू नये. उभी रेघ उभीच, आडवी आडवीच, आणि प्रत्येक अक्षर शेजारच्यापासून तेवढ्याच अंतरावर, दोऱ्यात ओवल्यासारखं. शाळेत तपासणीला कुणी आलं की हेडमास्तर पाहुण्यांना आधी चौथीच्या दाराशी आणायचे, फळा दाखवायचे, आणि मग उरलेली शाळा. बाईंना ते ठाऊक होतं. अशा दिवशी त्या खडू जरा जास्तच जपून धरायच्या.

बाईंचं दुसरं ठेवणीतलं काम म्हणजे श्रुतलेखन. दर बुधवारी वीस शब्द. बाई बोलणार, मुलं ऐकून लिहिणार. बाईंच्या पायाला तर भिंगरीच. तीन शब्द फळ्यापाशी उभं राहून सांगितले की त्या चालायला लागायच्या. खिडकीच्या कडेनं मागच्या भिंतीपर्यंत, तिथून वळून दाराच्या कडेनं पुढं. चालता चालता शब्द सोडायचे, जसे कुणी कोंबड्यांना दाणे टाकतं. नियम दोनच होते आणि ते पहिल्याच आठवड्यात सांगून झालेले असायचे: मान वळवायची नाही, आणि दुसऱ्याच्या वहीत बघायचं नाही. बाईंच्या वर्गात बुधवारी माशीसुद्धा परवानगी घेऊन उडायची, असं मुलं म्हणायची.

अशा वर्गात त्या वर्षी होबाई आली.

होबाई म्हणजे कोपऱ्यावरच्या इस्त्रीवालीची एकुलती एक मुलगी. नऊ वर्षांची, बारीक चणीची, डोळे मात्र पावशेर. तिला काहीही विचारा, ती म्हणायची, "हो बाई." समजलं का? हो बाई. वही आणलीस का? हो बाई. वही का नाही आणलीस? हो बाई. पोरांना तेवढंच निमित्त पुरलं, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. आधीच्या तीन वर्गांतल्या शिक्षकांनी 'गरीब आहे, त्रास देत नाही' म्हणून तिला एकेक इयत्ता पुढं ढकललं होतं. फळ्यावरची गणितं ती बिनचूक सोडवायची. तोंडी विचारलं की खलास. आणि श्रुतलेखनात वीसपैकी आठ. दर बुधवारी आठ. एखादा बुधवार सोडला तर कधी सात नाही, कधी नऊ नाही. बाईंनी तिला पहिल्या बाकावर आणून बसवलं, रागावून पाहिलं, गोंजारून पाहिलं. आठ म्हणजे आठ.

शेवटी एका सोमवारी बाईंनी कागद भरला. 'आकलन फार कमी. या वर्गात निभाव लागणार नाही. वेगळ्या शाळेत पाठवावे.' ती वेगळी शाळा लांब, तिथंच राहायचं, आणि आईची भेट महिन्यातून एकदा. इस्त्रीवालीनं सही करताना काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "बाई, ती कधी माझ्याशिवाय झोपली नाही हो." बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि कागद हेडमास्तरांच्या टेबलावर दिला. लिफाफा शनिवारी दुपारी शिपायाबरोबर वरच्या कचेरीत जायचा होता. बाईंना वाईट वाटलं, पण त्या वाईट वाटण्याला चुकीचा वास मुळीच नव्हता. एकतीस वर्षांच्या अनुभवानं केलेली सही होती ती.

त्याच आठवड्यात गुरुवारी शाळेत प्रशिक्षण आलं. तीन दिवसांचं. विषय असा की, वर्गातल्या प्रत्येक मुलाला सामावून कसं घ्यावं. शिकवायला आलेली ताई बाईंच्या धाकट्या लेकीच्या वयाची. पाठीवर पिशवी, पायात कापडी बूट, आणि बोलताना सगळ्यांकडे आळीपाळीनं बघण्याची सवय.

"बाई, एकतीस वर्षांनी आपल्याला शिकवायला आल्यात," गणिताचे सर कुजबुजले. "पहिल्या बाकावर बसायचं की शेवटच्या?"

"शेवटच्या. तिथून पळता येतं."

"चहा कितीला आहे?"

"अकराला. तोवर जागे राहा. घोरलात तर मी ओळखत नाही तुम्हाला."

पहिला दिवस बाईंनी वह्या तपासत काढला. ताईंनी चित्रं दाखवली, गट पाडले, मोठ्या कागदांवर लिहायला लावलं. बाईंच्या गटाचा कागद भिंतीवर लागला तेव्हा सगळ्यांनी अक्षराचं कौतुक केलं. कागदावर काय लिहिलंय ते कुणी वाचलं नाही. खरं सांगायचं तर बाईंनीही नाही. एक वाक्य तेवढं त्यांच्या कानात कुसळासारखं राहिलं. ताई म्हणाल्या होत्या, "मूल का शिकत नाही हे विचारायच्या आधी एकदा बघू या, आपण कुठं उभे असतो." 

'कुठं म्हणजे? फळ्यापाशी,' बाई मनात म्हणाल्या आणि पुढची वही ओढली.

शुक्रवारी सकाळी ताईंनी प्रत्येकाच्या वर्गात येऊन पंधरा मिनिटांचा पाठ मोबाईलवर टिपला. दाराच्या चौकटीपाशी एक तिपाई, तिच्यावर मोबाईल. एका कडेला फळा दिसावा, दुसऱ्या कडेला पुढचे बाक. बाईंनी त्या दिवशी नदीचा पाठ घेतला आणि फळ्यावर नदी अशी काढली की पाय बुडवावेत. दुपारी सगळे मोठ्या खोलीत जमले. ताईंनी भिंतीवर चादर लावली, पडदे ओढले आणि म्हणाल्या, "आता मी आवाज बंद करणार आहे. फक्त बघायचं. आणि सांगायचं, कोण काय शिकवतंय."

आधी गणिताचे सर आले. आवाज नाही म्हटल्यावर सर सारखे कान खाजवतात एवढंच दिसलं. खोली हसून हसून लोळली. सर म्हणाले, "मी भागाकार शिकवत होतो हो! अवघड असतो!"

मग मोतीबाई आल्या. चादरीवर त्यांचा अंबाडा दिसला. अंबाडा डावीकडून उजवीकडे गेला. उजवीकडून परत आला. मध्येच बाई वळल्या, दोन क्षण तोंड हललं, आणि पुन्हा अंबाडा.

"काय शिकवत होत्या बाई?" ताईंनी विचारलं.

"अंबाडा," गणिताचे सर म्हणाले. फिटंफाट झाली.

सगळे हसले. बाईही हसल्या, पण ते हसू ओठांवरच वाळलं. लिहिताना आपण बोलतो, आणि बोलताना आपलं तोंड फळ्याकडे असतं, हे त्यांना एकतीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? पाहुणे अक्षर बघायचे. चरफडत त्यांनी नजर चादरीच्या दुसऱ्या कडेला वळवली. तिथं पहिल्या बाकावर होबाई बसली होती.

आणि बाईंची नजर तिथंच खिळली.

अंबाडा फळ्याकडे होता तोवर पोरीचे डोळे शेजारणीच्या वहीवर, बोटांवर, पुस्तकावर भिरभिरत होते. बाई वळल्या, आणि ते डोळे झटक्यात उचलले गेले. नुसते डोळे नव्हे, सगळं तोंडच. मान पुढं, ओठ किंचित उघडे, भुवया वर. तहानलेलं माणूस नळाला पाणी आल्यावर जसं धावतं, तशी ती बाईंच्या तोंडाकडे धावत होती. बाई पुन्हा फळ्याकडे वळल्या आणि पोरीचं तोंड मिटलं. नळ गेला.

"ताई," बाई उभ्या राहिल्या. "पुन्हा लावा."

"कुठून, बाई?"

"पहिल्यापासून. आणि मला नका दाखवू. माझं काय बघायचं? त्या पोरीला दाखवा."

ताईंनी पुन्हा लावलं. खोलीतलं हसणं हळूहळू थांबलं. होबाईचा डावा तळहात सगळा वेळ बाकावर सपाट टेकलेला होता. आळशासारखी हात टाकून बसते म्हणून बाई त्याबद्दल तिला दहादा बोलल्या होत्या. मध्येच बाईंच्या हातून डस्टर पडलं. सगळ्या मुलांनी दचकून वर पाहिलं. होबाईनंही पाहिलं, पण पापणी लवण्याइतकं उशिरा. आधी तिचा तळहात दचकला, मग ती.

"ही ऐकते कशानं?" गणिताचे सर हळूच म्हणाले.

ताई कसल्या तरी तपासणीबद्दल, मोठ्या दवाखान्यातल्या कानांच्या यंत्राबद्दल बोलत होत्या. बाईंनी ते ऐकलंही आणि नाहीही. त्यांनी कपाटातून श्रुतलेखनाच्या वह्या काढल्या, पिशवीत कोंबल्या आणि घरी निघाल्या.

घरी सासूबाई ओट्यापाशी खुर्ची घेऊन मटार सोलत बसल्या होत्या. वय ब्याऐंशी, हात धडधाकट, कानांचा मात्र काही वर्षांपूर्वीच संप. बाईंनी त्यांच्या मागून जात पिशवी ठेवली आणि विचारलं, "आई, चहा झाला का तुमचा?"

उत्तर नाही.

"आई, चहा?"

सासूबाईंनी मान वळवली. "आलीस होय? मग समोर येऊन बोल की! पाठीमागून काय पुटपुटतेस भुतासारखी? रोज बरी हनुवटीला हात लावून बोलतेस."

बाई जागच्या जागी थांबल्या. खरंच की. घरात त्या रोज समोर यायच्या, वाकायच्या, म्हातारीच्या हनुवटीला बोट लावायच्या आणि मग बोलायच्या. कुणी शिकवलं नव्हतं. पाचसहा वर्षांत आपोआप सवय पडली होती. घराच्या उंबऱ्याच्या आत जे आपण न चुकता करतो, ते चपला घालून शाळेत जाताना आपण कुठं काढून ठेवतो?

"आई, माझं एक काम कराल?"

"मटार सोलून झाल्यावर."

"मटार सोलतानाच करा. मी शब्द सांगते, तुम्ही मागोमाग म्हणायचे. मान वळवायची नाही."

"ह्या वयात परीक्षा? नापास केलंस तर जेवण बंद का?"

बाईंनी पहिले तीन शब्द समोरून सांगितले. सासूबाईंनी तिन्ही म्हटले. मग बाई चालायला लागल्या. खुर्चीला वळसा, मागच्या भिंतीपर्यंत, दुसऱ्या बाजूनं पुढं. चालता चालता शब्द सोडत. सासूबाईंचे हात मटार सोलत राहिले आणि तोंड गप्प. बाई पुन्हा समोर आल्या तेव्हा म्हातारी म्हणाली, "सांग ना! थांबलीस कशाला?"

"मी थांबले नव्हते, आई."

"मग मला कसं ऐकू आलं नाही?"

बाई तिथंच खाली बसल्या आणि त्यांनी होबाईची वही उघडली. खिडकीतून अजून भरपूर उजेड येत होता. पहिला बुधवार. तीन शब्द बरोबर, मग सहा ओळी कोऱ्या, मग दोन बरोबर, पुन्हा सहा कोऱ्या, शेवटचे तीन बरोबर. पान उलटलं. तीन, सहा, दोन, सहा, तीन. पुढचं पान. तेच. विणकामात ठरवून टाके सोडावेत तशी नक्षी, पानामागून पान, जूनपासून परवापर्यंत.

ती नक्षी कुणाची ते बाईंना कळायला वेळ लागला नाही. तीन शब्द फळ्यापाशी. मग खिडकीकडून चालत मागं आणि दाराकडून पुढं, त्यात सहा शब्द. पुढं आल्यावर दोन. दुसरी फेरी, सहा. शेवटी फळ्यापाशी तीन. पोरीच्या वहीत पोरीचं अज्ञान कुठंच नव्हतं. तिथं बाईंच्या चालण्याचा नकाशा होता. नऊ वर्षांच्या मुलीनं, स्वतःला ठाऊक नसताना, आठवड्याला एक पान असा तो काढून ठेवला होता, आणि बाईंनी प्रत्येक नकाशाखाली लाल शाईनं आठ लिहिलं होतं.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं ते त्याहून जड होतं. त्या सहा ओळी कोऱ्या होत्या. कोऱ्या! शेजारणीची वही टीचभर अंतरावर. बाकीच्या तासांना ती डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायची ते मघाशी चादरीवर सगळ्यांनी पाहिलं. पण बुधवारी नाही. बुधवारी बघायचं नाही असा बाईंचा नियम होता. मागं बाईंच्या तोंडाकडेही बघायचं नाही, मान वळवायची नाही, हाही नियम होता. ही पोरगी दर बुधवारी समोर भिंतीकडे बघत, हातात पेन्सिल धरून, शब्द परत येण्याची वाट बघत बसत होती. आणि एकदाही, एकाही ओळीत, खोटं लिहीत नव्हती.

वहीच्या मध्यावर एक पान वेगळं निघालं. वीसपैकी एकोणीस बरोबर. त्याखाली बाईंच्याच मोत्यासारख्या अक्षरात लाल शाईनं लिहिलं होतं: 'नक्कल? शून्य.'

बाईंनी तारीख पाहिली. त्या आठवड्यात त्यांचा पाय मुरगळला होता. त्या सगळा तास खुर्चीवर बसून होत्या. वर्गाकडे तोंड करून.

"काय गं?" सासूबाई म्हणाल्या. "रडतेस कशाला? मी नापास झाले म्हणून?"

बाईंनी समोर येऊन त्यांच्या हनुवटीला बोट लावलं. "तुम्ही नाही, आई. मी."

शनिवारी शाळा भरायच्या आधी बाई कोपऱ्यावर गेल्या. इस्त्रीवालीनं कपड्यांचा ढीग बाजूला सारून स्टूल पुसलं. होबाई इस्त्रीच्या टेबलाच्या आतल्या टोकाशी पाठमोरी बसून रुमालांच्या घड्या घालत होती.

"तिला हाक मारा बरं," बाई म्हणाल्या.

आईनं हाक मारली. एकदा, दोनदा. "हट्टी आहे, बाई. तीन वर्षांची असताना मोठा ताप आला होता, तेव्हापासून अशी. मनात असलं तरच बघते." असं म्हणून तिनं इस्त्री टेबलावर टेकवली. त्याबरोबर मुलीनं वळून पाहिलं.

"बघितलंत? इस्त्रीला ओ देते, आईला नाही."

"टेबल हललं," बाई म्हणाल्या. "तिचा हात टेबलावर आहे."

इस्त्रीवाली टेबलाकडे बघत राहिली, हाताकडे बघत राहिली. "म्हणजे हट्टी नाही? बाई, मी मारलंय हो तिला. ओ दिली नाही म्हणून मारलंय."

"तुम्ही मारलंत, मी शून्य दिलं. आपण दोघी एकाच बाकावर."

मग बाई गुडघे मोडून पोरीसमोर खाली बसल्या. त्या वयात ते सोपं नव्हतं, गुडघ्यांनी जाहीर निषेध केला. वही उघडून त्यांनी कोऱ्या ओळींवर बोट ठेवलं आणि सावकाश, उघड्या तोंडानं विचारलं, "इथं का नाही गं लिहिलंस?"

होबाईनं सवयीनं "हो बाई" म्हणायला तोंड उघडलं. पण आज बाईंचं तोंड तिच्या समोर होतं, इतकं जवळ की चुकण्याची सोयच नव्हती. तिनं कोऱ्या ओळीवर स्वतःचं बोट ठेवलं. मग म्हणाली, "तुम्ही मागं गेलात की शब्द जातात."

"मग सांगायचं नाही?"

"मला वाटलं, सगळ्यांचेच जातात." तिनं हातातला रुमाल दुमडला. "बाकीचे हुशार आहेत. त्यांना गेलेले पण येतात."

मोठमोठ्या इमारती बाईंनी पाहिल्या होत्या, समुद्र पाहिला होता, एकदा विमानही जवळून पाहिलं होतं. यांतल्या कशापुढं त्यांना असं लहान लहान वाटलं नव्हतं. अर्धं जग गळून पडलेलं, आणि उरलेल्या अर्ध्यात ही चिमुरडी तळहातानं, डोळ्यांनी, शेजारणीच्या पेन्सिलीनं रस्ता काढत सहा वर्षं चालत आली होती. आणि तक्रार नाही, उलट बाकीचेच हुशार आहेत म्हणे!

हेडमास्तरांच्या टेबलावर लिफाफा होता, त्यावर काचेचा गोळा.

"हा मला परत हवा," बाई म्हणाल्या.

"बाई, सही तुमचीच आहे."

"सही माझीच, चूकही माझीच."

"असं कसं? वरून विचारलं तर काय सांगू? सोमवारी आकलन नव्हतं, शनिवारी आलं?"

"आकलन तिला पहिल्यापासून होतं. आम्हाला शनिवारी आलं."

हेडमास्तर माणूस वाईट नव्हता, पण कागदाला घाबरणारा होता. त्यांनी घड्याळ बघितलं, लिफाफा खिशात घातला. शिपाई बाराला निघणार होता. "बाई, मला डोळ्यांनी दिसलं पाहिजे. नाहीतर हा जाईल."

अकराला वर्ग भरला. मागच्या भिंतीशी हेडमास्तर, प्रशिक्षणवाल्या ताई, गणिताचे सर, आणि दाराच्या बाहेर हातातला रुमाल पिळत इस्त्रीवाली. बाईंनी शब्द नवे काढले होते, कधी न सांगितलेले. आता नुसतं उभं राहायचं, पण एकतीस वर्षांच्या पायांना ते कसं सांगणार? बाईंनी खडू घेतला, फळ्यापुढच्या फरशीवर, वर्गाच्या बरोबर मध्ये, एक वर्तुळ काढलं आणि त्यात उभ्या राहिल्या. मुलं खुदखुदली.

"बाई, तुम्ही आउट का?" मागून कुणीतरी विचारलं.

"आउट नाही, कैदेत," बाई म्हणाल्या. "चला. एक."

एक, दोन, तीन. चौथ्या शब्दाला त्यांचा डावा पाय आपोआप उचलला गेला आणि रेघेवर येऊन थांबला. बाईंनी तो मागं घेतला. होबाईचे डोळे त्यांच्या तोंडावर, मग वहीवर, मग पुन्हा तोंडावर. सहा. सात. आठ. जिथं दर बुधवारी शब्द जायचे तिथं आज शब्द थांबून होते. पोरीनं दहाव्याला एकदा चुकूनही कुणाकडे न बघता हसून टाकलं, स्वतःशीच, जणू काही गंमत कळावी. दारातल्या आईचा रुमाल तोंडाशी गेला.

चौदाव्या शब्दाला खडूची भुकटी बाईंच्या घशात गेली. त्यांनी तोंडावर हात धरून खोकत खोकत तो शब्द सांगितला. पुढचे सहा स्वच्छ.

हेडमास्तरांनी स्वतः वही उचलली, चष्मा लावला. एकेका ओळीवर बोट फिरवत ते खाली आले. चौदाव्यापाशी बोट थांबलं. ओळ कोरी होती.

"एक राहिला," ते म्हणाले.

"बाईंचा हात तोंडावर होता," गणिताचे सर मागून म्हणाले. "मी पाहिलं. चौदावा शब्द फक्त कानांना मिळाला, डोळ्यांना नाही."

हेडमास्तरांनी पुन्हा त्या कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं. बरोबर असलेल्या एकोणीस ओळींनी जे पटलं नसतं, ते त्या एका ओळीनं त्यांना पटलं. त्यांनी लिफाफा खिशातून काढला आणि बाईंच्या हातात दिला. मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "पण बाई, वर काहीतरी लिहून द्यावं लागेल."

बाईंनी तिथंच टेबलाशी बसून लिहिलं: 'मुलगी शिकते आहे. शिक्षिका पाठमोरी होती.' खाली सही. अक्षर नेहमीचंच. आणि लाल शाईची बाटली उघडून जुन्या वहीतलं शून्य खोडलं, तिथं एकोणीस लिहिलं, आणि 'नक्कल' शब्दापुढं, चूक कबूल म्हणून, आपलं नाव.

पुढं कानांची तपासणी झाली, यंत्रही आलं. पहिल्या दिवशी यंत्र लावल्यावर होबाईनं दोन्ही हातांनी कान झाकले आणि म्हणाली, "बाई, सगळे किती ओरडतात!" ते ऐकून गणिताचे सर दोन दिवस हळू बोलत होते. यंत्रानं सगळं जमलं असं नाही. मागून आलेला शब्द अजूनही अर्धाच पोचतो. म्हणून फरशीवरचं वर्तुळ राहिलं. रोज झाडताना पुसलं जातं, आणि रोज सकाळी बाई पुन्हा काढतात.

खर्च एकच झाला. तोंड वर्गाकडे ठेवून, हात मागं वळवून फळ्यावर लिहायचं म्हणजे अक्षराचं काय होणार? मोती घरंगळले. रेघा चढावर चढल्या, उतारावरून घसरल्या. तपासणीला आलेल्या पाहुण्यांना हेडमास्तर सवयीनं चौथीच्या दाराशी घेऊन आले, फळ्याकडे बघितलं आणि घाईनं पाहुण्यांना बागेकडे वळवलं. बाईंनी ते पाहिलं. पूर्वी त्यांना आठवडाभर जेवण गेलं नसतं. आता त्या नुसत्या हसल्या.

त्याच दुपारी वह्या तपासताना त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. होबाईच्या वहीतलं अक्षर वाकडं झालं होतं. मागची पानं उलटली तर तिथं मोती होते, हुबेहूब बाईंचे. जिथं बाईंचा खडू अडखळून रेघ तुटायची तिथं पोरीचीही रेघ तुटलेली. वर्षभर फळा हाच तिचा बोलणारा माणूस होता, तेव्हा तिनं त्याचं तोंड पाठ केलं होतं. आणि आता फळा वाकडा बोलायला लागला, तर तीही इमानानं वाकडं लिहीत होती.

बाईंनी तिला जवळ बोलावलं, हनुवटीला बोट लावलं. "हे वाकडं माझं आहे. तू तुझं जुनंच लिही."

"हो बाई," ती म्हणाली. मग जरा विचार करून, "पण ते पण तुमचंच होतं."

बाईंनी खडूची पेटी उघडून तिच्यापुढं धरली.

तेव्हापासून चौथीच्या फळ्यावर सगळ्यात वरची ओळ, तारीख आणि पाठाचं नाव, शाळा भरायच्या आधी होबाई लिहिते. स्टुलावर उभी राहून, जीभ दातांत धरून. मग ती पहिल्या बाकावर जाऊन बसते, डावा तळहात बाकावर सपाट टेकवते, आणि बाई फरशीवर आपलं वर्तुळ काढून त्यात उभ्या राहतात.